न पुसलेली पाटी

मंडळी, आजचा विषय जरा तांत्रिक आहे, पण घाबरायचं कारण नाही. सी भाषा येत नसेल तरी चालेल, लहानपणी पाटीवर लिहिलेलं असलं म्हणजे पुरे.

'मेमरी लीक' म्हटलं की आपल्याला आठवतो तो प्रोग्राम, जो मेमरी मागून घेतो आणि परत करायला विसरतो. मशीन हळूहळू रांगायला लागतं, मग रिस्टार्ट. आज त्याबद्दल बोलायचं नाहीये. आजच्या गोष्टीत मेमरी गळत नाही, तिच्यात उरलेला मजकूर गळतो. आधीच्या मुलाची पाटी न पुसता पुढच्याच्या हातात दिली तर जे होतं, तेच. पाटीवर पाढे असतील तर ठीक, पण कुणाचा पासवर्ड असला तर?

गंमत म्हणजे हा दोष अजिबात नवा नाही. १९७६ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये हॉलिंगवर्थ आणि बिस्बी या दोघांनी ऑपरेटिंग सिस्टिममधल्या याच प्रकारच्या चुकांवर एक स्वतंत्र अहवाल लिहिला. जागा देताना-घेताना मागे काय अवशेष उरतात, एवढाच त्याचा विषय. पुढे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं 'ऑरेंज बुक' आलं. १९८५ च्या त्याच्या आवृत्तीत सी-२ या दर्जासाठी अट आहे की एकाने सोडलेली जागा दुसऱ्याला मिळाली तर तिच्यात पहिल्याची कसलीही माहिती दिसता कामा नये. म्हणजे नियम कळलेला होता, कागदावर आलेला होता. मग घोडं अडलं कुठे?

एक स्पष्ट करतो. प्रोग्रामला नवीन पान देताना ते शून्यांनी भरून द्यायचं, ही शिस्त युनिक्समध्ये जुनी आहे. पुढच्या दाराला कुलूप आहे. भानगड होते ती मागच्या दाराने, कर्नल स्वतःच्या कामासाठी जी जागा वापरतो तिथे.

समजा तुम्ही कर्नलला विचारलंत, "या नेटवर्क कार्डाची माहिती दे." कर्नल आपल्या स्टॅकवर एक स्ट्रक्चर मांडतो, त्यातले रकाने भरतो आणि ते अख्खं उचलून तुमच्या हवाली करतो. नावासाठी १६ बाइट राखलेत आणि नाव आहे चार अक्षरांचं. शेवटच्या शून्यासकट ५ बाइट भरले. उरलेल्या ११ बाइटांत काय? आधी तिथे जे फंक्शन जेवून गेलं, त्याचं खरकटं!

याहून लबाड प्रकार म्हणजे पॅडिंग. १ बाइटाचा एक रकाना आणि त्याच्यामागे ४ बाइटांचा दुसरा. बेरीज होते ५, पण बहुतेक मशीनवर कंपायलर जागा घेतो ८, कारण ४ बाइटांचा आकडा त्याला सरळ हद्दीवर ठेवायचा असतो. मधले ३ बाइट म्हणजे नुसती फट. त्यांना नाव नाही, त्यामुळे नाव घेऊन ते भरता येत नाहीत. अख्खं स्ट्रक्चर आधी मेमसेटने शून्य करावं लागतं. ते केलं नाही तर सोर्स कोड भिंग घेऊन वाचा, प्रत्येक रकाना भरलेला दिसेल आणि तरीही ३ बाइट गळत असतील. त्या फटींत काय असावं याची हमी सी भाषेचं प्रमाण देत नाही. कोड बरोबर, रिव्ह्यू बरोबर, टेस्ट पास... आणि पाटी तशीच.

या प्रकाराचा मोठा गाजावाजा झाला तो जानेवारी २००३ मध्ये. ॲटस्टेक कंपनीच्या ओफिर आर्किन आणि जोश अँडरसन यांनी 'ईथरलीक' जाहीर केलं. ईथरनेटच्या फ्रेममध्ये किमान ४६ बाइटांचा मजकूर लागतो. एआरपीचं पाकीट असतं २८ बाइटांचं. उरलेले १८ बाइट शून्यांनी भरावेत, असं १९८४ च्या आरएफसी ८९४ मध्ये लिहिलेलं आहे. पण कित्येक ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी नुसती लांबी वाढवली आणि बफरमध्ये जे पडलं होतं ते तसंच तारेवर सोडून दिलं. त्याच नेटवर्कवर बसलेल्या माणसाने एक छोटंसं पिंग पाठवायचं आणि उत्तराच्या शेपटीला काय लागून येतं ते बघत राहायचं. कधी कर्नलच्या मेमरीचा तुकडा, कधी आधीच्या पाकिटातला मजकूर. आणि हे एका कंपनीपुरतं नव्हतं, वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ड्रायव्हरांमध्ये होतं. त्यावर सुधारणा झाल्या, पण रोग गेला नाही. जानेवारी २०२१ मध्ये पालो आल्टो नेटवर्क्सच्या फायरवॉल सॉफ्टवेअरमध्ये हाच दोष, चक्क याच नावाने, पुन्हा नोंदवला गेला.

तुम्ही म्हणाल, पाच-दहा बाइटांनी असं काय आभाळ कोसळतं? बरीच वर्षं कर्नल लिहिणाऱ्यांपैकी अनेकांचं हेच मत होतं. पण मध्यंतरी कर्नलचा पत्ता गुप्त ठेवायची पद्धत आली. दर बूटला कर्नल मेमरीत वेगळ्या जागी बसतो, लिनक्समध्ये ही सोय २०१४ साली आली. हल्लेखोराला आत उडी मारायची तर आधी पत्ता हवा. आणि खरकट्यात हमखास सापडतो तो पत्ताच! एका पॉइंटरला लागतात फक्त ८ बाइट. ऑक्टोबर २०२० मध्ये गूगलच्या अँडी न्गुयेन यांनी लिनक्सच्या ब्लूटूथमधलं 'ब्लीडिंगटूथ' उघड केलं. त्यात स्टॅकवरच्या न भरलेल्या स्ट्रक्चरमधून पत्ता मिळवला होता आणि दुसऱ्या एका दोषातून आत शिरकाव. समोरच्याने काही क्लिक करायचीही गरज नव्हती. एकटी गळती निरुपद्रवी दिसते, पण ती दुसऱ्याच्या हातात किल्ली देते.

अशा जागा शोधायच्या कशा? डोळ्यांनी तर दिसत नाहीत. गूगल प्रोजेक्ट झिरोच्या मातेउश युर्चिक यांनी २०१७ मध्ये नामी युक्ती केली. बॉक्स या एमुलेटरमध्ये त्यांनी अख्खं विंडोज चालवलं. कर्नलने नवीन घेतलेल्या मेमरीच्या प्रत्येक बाइटावर 'अजून भरलेला नाही' अशी खूण करायची आणि खूण असलेला बाइट प्रोग्रामच्या हद्दीत गेला की शिट्टी वाजवायची. एकट्या विंडोजमध्ये अशा ७० हून अधिक जागा सापडल्या. ज्या कंपनीकडे पैशाची किंवा हुशार माणसांची वानवा नाही, तिथे ७०!

माझ्या मते वादाचा निकाल इथेच लागला. इतकी वर्षं उपाय एकच होता: 'काळजी घ्या.' मेमसेट विसरू नका, रिव्ह्यू नीट करा. प्रत्येक गळतीला वेगळा पॅच, प्रत्येक पॅचला वेगळा नंबर. कर्नलनेच सरसकट पुसून का देऊ नये, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: "स्लो होईल."

लिनक्सच्या बाहेर पॅक्स नावाच्या पॅचसंचात सरसकट पुसायची सोय कधीचीच होती. मुख्य कर्नलमध्ये ती आली २०१९ साली. ५.२ मध्ये स्टॅकसाठी आणि ५.३ मध्ये हीपसाठी. 'स्लो' म्हणजे किती, तर हीप देताना पुसण्याच्या पर्यायाबद्दल कर्नलची स्वतःची टीप सांगते की बहुतेक कामांत १ टक्क्याहून कमी, काही कृत्रिम चाचण्यांत ७ टक्क्यांपर्यंत. विंडोजनेही २०१९ च्याच सुमाराला स्टॅक आपोआप भरायला सुरुवात केली. आणि युर्चिकांच्या शिट्टीसारखीच सोय, केएमसॅन, डिसेंबर २०२२ च्या लिनक्स ६.१ मध्ये आली.

कंपायलरवाल्यांची मात्र कुरकुर होती. सगळं आपोआप शून्य व्हायला लागलं तर लोक त्यावर विसंबून राहतील आणि सी भाषेची वेगळीच बोली तयार होईल, ही त्यांची भीती. म्हणून क्लँगमध्ये शून्य भरण्याचा पर्याय दिला तो एका लांबलचक नावाच्या जोडीनेच. त्या नावाचा अर्थ साधारण असा: 'हे क्लँगमधून काढून टाकणार आहेत हे माहीत असूनही चालू कर.' शेवटी काढून टाकली ती ही अट, शून्य भरणं राहिलं.

भीती अगदीच खोटी नव्हती. आळस वाढतोच. पण ४३ वर्षं 'काळजी घ्या' म्हणून पाहिलं, आणि काळजी घेणारी मंडळी काही कमी दर्जाची नव्हती. प्रत्येक मुलाला 'पाटी पुसून दे रे' असं रोज बजावण्यापेक्षा पाट्या गोळा करतानाच ओलं फडकं फिरवलेलं बरं. माणसाने आठवण ठेवायची गोष्ट जितकी कमी, तितकं बरं.

असो. तुमच्याकडे लिनक्स असेल तर हीपसाठीचा 'इनिट ऑन अलॉक' हा पर्याय चालू आहे का, ते एकदा बघा. घरातला जुना राउटर मात्र बहुधा अजून खरकट्या भांड्यातच वाढत असेल.