बॉल पायथनचा बाजार : दुर्मिळता अंडी घालू लागते तेव्हा

१/ १९९०च्या दशकात अमेरिकेतील हौशी लोक एका लहानशा अजगराच्या पिवळ्या-पांढऱ्या पिल्लासाठी हजारो डॉलर मोजत असत. आज तसेच पिल्लू शंभर-दोनशे डॉलरांत मिळते. साप तोच, रंगही तोच. मग बदलले काय? आजचा धागा या बाजाराच्या तीस वर्षांच्या इतिहासावर.

२/ या कथेचा नायक बॉल पायथन. ब्रिटनमध्ये त्याला रॉयल पायथन म्हणतात. मूळ निवास पश्चिम व मध्य आफ्रिका. लांबी साधारण तीन ते पाच फूट, म्हणजे आपल्याकडच्या अजगरापुढे ठेंगणाच. भय वाटले की तो डोके आत घेऊन शरीराचा चेंडू करतो; इंग्रजी नाव त्यावरूनच पडले. स्वभाव शांत, त्यामुळे पाळणाऱ्यांचा आवडता.

३/ बेनिनमधील उइदा या नगरात या सापाचे मंदिर आहे. वोदुन परंपरेत तो पूज्य मानला जातो. आणि त्याच बेनिनमधून, तसेच शेजारच्या टोगो व घाना या देशांतून, त्याची प्रचंड निर्यात झाली. १९७५ नंतर पश्चिम आफ्रिकेतून तीस लाखांहून अधिक जिवंत बॉल पायथन बाहेर गेले. एकाच भूमीत देवही तोच आणि मालही तोच.

४/ शेतकरी आणि शिकारी बिळे खणून हे साप पकडत. पुढे गाभण माद्या धरायच्या, त्यांची अंडी उबवायची आणि पिल्ले परदेशी पाठवायची, अशी पद्धत रूढ झाली. साध्या तपकिरी-काळ्या पिल्लाला मात्र भाव बेताचाच. पकडणाऱ्याच्या हाती तर त्यातला अगदी लहान वाटा पडे.

५/ परंतु हजारो पिल्लांत एखादे वेगळ्याच रंगाचे निघते. व्यापाऱ्यांची नजर अशा पिल्लांवर खिळू लागली. ओक्लाहोमाचे बॉब क्लार्क यांच्याकडे १९९२ साली बंदिस्त पैदाशीतून पहिली अल्बिनो पिल्ले जन्मली. हा रंग योगायोग नसून वारशाने उतरणारा गुण आहे, हे त्यामुळे सिद्ध झाले. बाजाराचा खरा आरंभ येथे आहे.

६/ कारण तेव्हापासून बाजारात निव्वळ साप विकला जात नव्हता, त्याच्यातला वारसा विकला जात होता. अशा वारसाहक्काच्या रंगप्रकाराला ‘मॉर्फ’ हे नाव मिळाले. ज्याच्याकडे मॉर्फची जोडी, त्याच्याकडे जणू टांकसाळ!

७/ आता थोडे जनुकशास्त्र, कारण किमतीचे रहस्य त्यातच आहे. अल्बिनो हा अप्रभावी गुण. अल्बिनो आणि साध्या सापाच्या संकरातून होणारी सारी पिल्ले दिसायला साधीच. जनुक त्यांच्यात दडलेले असते. अशा दोन वाहकांचा संकर केला तरच सरासरी चारात एक अल्बिनो निघतो.

८/ मादी वयात यायला सुमारे तीन वर्षे लागतात. एका खेपेस अंडी साधारण सहा, आणि तीही दरवर्षी मिळतील असे नाही. म्हणजे एका अल्बिनोपासून अल्बिनोंचा कळप उभा करायचा तर वर्षानुवर्षे थांबणे आले. निसर्गाची ही संथ गती हाच किमतीचा आधार होता.

९/ शिवाय वाहक पिल्लू (व्यापाराच्या भाषेत ‘हेट’) डोळ्यांना साध्या सापासारखेच दिसते. विकत घेणाऱ्याला विक्रेत्याच्या शब्दावर विसंबावे लागे. खरे-खोटे कळायला काही वर्षे जात. म्हणून या बाजारात पैदासकाराची पत हेच अर्धे भांडवल होते.

१०/ १९९७ मध्ये पीटर काल यांनी ‘पाइबाल्ड’ हा प्रकार वारशाने उतरतो हे दाखवून दिले : अंगावर शुभ्र पट्टे आणि मधेमधे रंगीत ठिगळे. सुरुवातीला अशा एका सापाला मोटारीएवढी किंमत पडत असे. हाही अप्रभावी गुण, त्यामुळे त्याचा भाव बराच काळ टिकून राहिला.

११/ ‘पास्टेल’ आणि ‘स्पायडर’ यांची गोष्ट निराळी. त्यांचे जनुक एकाच पालकाकडून आले तरी रंग दिसतो. साध्या मादीशी संकर केला, तरी पहिल्याच खेपेला सरासरी निम्मी पिल्ले मॉर्फ. अर्थातच त्यांचे भाव अधिक वेगाने उतरले. जनुक कसे उतरते, यावर किंमत किती वेगाने उतरणार हे ठरत होते.

१२/ या बाजारातील मूळ विसंगती येथेच आहे. महाग साप घेणारा तो केवळ पाहण्यासाठी घेत नसे. पिल्ले विकून पैसे वसूल करावेत, हा हिशेब त्यामागे असे. म्हणजे आजचा प्रत्येक ग्राहक हा तीन-चार वर्षांनंतरचा प्रतिस्पर्धी. प्रत्येक विक्रीतून विक्रेत्याने स्वतःच्याच मालाची दुर्मिळता विकली.

१३/ दोन गोष्टींनी ही घसरण वेगवान केली. पहिली, प्लास्टिकच्या डब्यांचे रॅक : एका खोलीत शेकडो साप आणि तापमान राखणारे उबवणी-यंत्र. दुसरी, इंटरनेटवरील जाहिराती : कोणाकडे कोणता साप केवढ्याला आहे, हे सर्वांना एकाच वेळी दिसू लागले. गुपित उरले नाही, तशी घासाघीसही विक्रेत्याच्या हाती उरली नाही.

१४/ पैदासकारांनी यावर तोड काढली : एकाच सापात अनेक जनुके एकत्र आणायची. पास्टेलसारखी चार वेगवेगळी जनुके एका पिल्लात हवी असतील तर शक्यता सोळात एक. तो सोळावा साप पुन्हा दुर्मिळ, पुन्हा महाग. उरलेल्या पंधरांचे काय? ते स्वस्तात विकले जातात, आणि भाव आणखी घसरतो.

१५/ आता ‘स्पायडर’कडे वळू. १९९९ मध्ये अमेरिकेतील केविन मॅक्कर्ली यांनी हा प्रकार वारशाने उतरतो हे सिद्ध केले. अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा. पण या सापांचे डोके डगमगते, काहींची मान वळसे घेते, भक्ष्यावरचा नेम चुकतो. रंग आणि दोष एकाच जनुकाच्या पोटी आलेले. कितीही संकर केले तरी त्यांची फारकत झाली नाही.

१६/ २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सीटी प्रतिमांमधून दिसले की या सापांच्या अंतर्कर्णातील तोल सांभाळणारे अवयवच विकृत घडलेले असतात. तोपर्यंत दोन दशके ‘किंचित डुलतो, बाकी ठणठणीत’ असे म्हणत विक्री चालूच होती.

१७/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे हॉलंडमधील ट्युलिपचा बाजार आठवतो, जो १६३७ मध्ये कोसळला. ज्या रेघांसाठी ते कंद सोन्याच्या मोलाने विकले गेले, त्या रेघा एका विषाणूमुळे उमटत होत्या. मात्र एक भेद लक्षात घ्यावा. रोगट कंद सावकाश वाढत, त्यामुळे ते दुर्मिळच राहत. स्पायडर साप मात्र खातो, वीण करतो. म्हणून त्याचा दोष सहज पसरला.

१८/ या हौसेची उजळ बाजूही नोंदवली पाहिजे. अमेरिकेत संशोधकांनी सामान्य पाळणाऱ्यांकडून सापांच्या काती मागवल्या आणि त्यांतील डीएनए तपासून अल्बिनोसह तीन रंगप्रकारांशी निगडित जनुकीय बदल शोधले. तेही संशोधन २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. घरोघरच्या नोंदी विज्ञानाच्या उपयोगी पडल्या.

१९/ पण किंमत आणि आयुष्य यांचा मेळ बसत नाही. मॉर्फची फॅशन काही वर्षांत ओसरते. साप वीस-तीस वर्षे सहज जगतो. सेंट लुई प्राणिसंग्रहालयात १९६१ साली आलेल्या बॉल पायथन मादीने २०२० मध्ये अंडी घातली! भाव उतरलेल्या सापाची इतकी वर्षे कोण निगा राखणार, याचे उत्तर बाजाराकडे नसते.

२०/ हा बाजार आपल्यापासून दूर नाही. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबई विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाकडे बिस्किटांच्या पुड्यांत लपवलेले नऊ बॉल पायथन सापडले. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२च्या दुरुस्तीनंतर भारतात अशा विदेशी प्राण्यांची नोंदणी बंधनकारक झाली आहे. चकचकीत चित्रफितींतला साप पाहून मोह होणाऱ्यांनी त्याचा हा प्रवासही ध्यानात घ्यावा.

२१/ तात्पर्य : सोने अंडी घालत नाही, म्हणून सोन्याची दुर्मिळता टिकते. सजीवाची दुर्मिळता विकायला काढली की तिची उलटगणती त्याच दिवशी सुरू होते. किमतीचा आलेख चढताना नफा कोणाचा, हे हिशेबाच्या वहीत सापडते. तो उतरताना भार कोणावर पडला, हे मात्र बिळातून उपसलेल्या आणि डब्यात डगमगणाऱ्या सापाकडे पाहूनच कळते. इतिहासाने दोन्ही नोंदी ठेवायला हव्यात.

धागा समाप्त. शंका असल्यास खाली जरूर विचारा.