सेवामुक्तीचा कागद : ब्रिटिश सैनिकाच्या वैद्यकीय नोंदींचे साधनमूल्य

एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश सैन्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास सेनापतींची पत्रे, युद्धखात्याचे खलिते आणि पलटणींच्या हकीकती विपुल उपलब्ध आहेत. साध्या शिपायाची गोष्ट निराळी. त्याच्या हातची पत्रे क्वचितच उरली आहेत. पुष्कळांस सहीही करता येत नसे व कागदावर त्यांच्या नावापुढे केवळ फुली आढळते. अशा मनुष्याचे आयुष्य सलग असे दिसते ते बहुधा एकाच ठिकाणी : तो सैन्यातून बाहेर पडला त्या वेळी तयार झालेल्या सेवामुक्तीच्या कागदात. हा कागद अस्सल आहे, याविषयी वाद नाही. परंतु कागद अस्सल असला, तरी तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून लिहिला गेला हे पाहिल्यावाचून त्याचा अर्थ लागत नाही. वैद्यकीय कारणास्तव झालेल्या सेवामुक्तीचे कागद वरकरणी रोगाची नोंद करतात. वस्तुतः ते सरकार व शिपाई यांच्यामधील देण्याघेण्याचा निवाडा आहेत, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

दुसऱ्या चार्ल्स राजाने १६८२ मध्ये लंडनजवळ चेल्सी येथे वृद्ध व अपंग सैनिकांसाठी शाही आश्रयस्थान स्थापन केले. प्रत्यक्ष तेथे राहणारे थोडे; आपापल्या गावी राहून तेथून निवृत्तिवेतन घेणारे पुष्कळ. १८०६ मध्ये विंडहॅम या मंत्र्याच्या पुढाकाराने पायदळातील भरती सात वर्षांच्या मुदतीची झाली आणि निवृत्तिवेतनास हक्काचे स्वरूप आले. १८२९ मध्ये आमरण भरती पुन्हा सुरू झाली. १८४७ च्या कायद्याने पायदळासाठी दहा वर्षांची मुदत ठरली. १८७० मध्ये कार्डवेलच्या सुधारणांनी बारा वर्षांची भरती व त्यांपैकी साधारणतः निम्मा काळ राखीव दलात, अशी व्यवस्था केली. दीर्घ सेवेच्या बळावर मिळणारे निवृत्तिवेतन या अल्प मुदतीच्या शिपायास दुर्लभच होते. आजार वा जखम यांमुळे मध्येच बाहेर पडणाऱ्याच्या बाबतीत म्हणून सारा भार वैद्याच्या अभिप्रायावर येऊन पडे.

या कागदाची रचना पाहण्यासारखी आहे. शिपायाचे जन्मस्थान, भरतीपूर्वीचा धंदा, उंची, वर्ण, डोळ्यांचा व केसांचा रंग, सेवेची वर्षे, परदेशी घालविलेला काळ, सद्वर्तनाचे बिल्ले, लष्करी न्यायालयापुढे उभे राहण्याचे प्रसंग, हे सर्व त्यात येते. त्यानंतर पलटणीच्या शल्यवैद्याचे मत येते. त्याने रोगाचे नाव देऊन भागत नसे. हा विकार सेवेमुळे जडला, की शिपायाच्या दुर्वर्तनामुळे वा मद्यपानामुळे, हेही त्यास सांगावे लागे. शरीराच्या परीक्षेत चारित्र्याची परीक्षा अशी मिसळून गेलेली असे. हेन्री मार्शल या लष्करी वैद्याने १८२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात रंगरुटांच्या तपासणीबरोबरच शिपायांच्या सोंगी आजारांचा विचार केला आहे. निवृत्तिवेतनाचे नियमच ढोंगास उत्तेजन देतात, असे त्याचे मत होते. रोग्याविषयी आरंभीच संशय बाळगणाऱ्या या दृष्टीची छाया सेवामुक्तीच्या नोंदींवर पडलेली आहे.

एकाच लढाईतील दोन शिपायांच्या उदाहरणांनी हा मुद्दा स्पष्ट होईल. चोविसाव्या पायदळ पलटणीचा फ्रेडरिक हिच हा १८७७ मध्ये भरती झाला. २२ जानेवारी १८७९ रोजी नाताळच्या सरहद्दीवरील रोर्क्स ड्रिफ्ट या ठाण्यावर झुलू सैन्याने हल्ला केला, तेव्हा सुमारे दीडशे रक्षकांत तो होता. तेथील एका घराचे तात्पुरते रुग्णालय केलेले होते. हिच व कॉर्पोरल विल्यम ॲलन यांनी दोन्हीकडून मारा होत असलेली जागा धरून ठेवली, त्यामुळे आतील रुग्णांस बाहेर काढता आले. दोघेही जबर जखमी झाले. जखमा बांधल्यावर ते रात्रभर सोबत्यांस काडतुसे पुरवीत राहिले. हिचच्या उजव्या खांद्याचे हाड गोळीने फुटले होते. १२ ऑगस्ट १८७९ रोजी नेटली येथील लष्करी रुग्णालयात व्हिक्टोरिया राणीने स्वतः त्यास व्हिक्टोरिया क्रॉस दिला, आणि त्याच महिन्यात तो सेवेस अपात्र ठरून मुक्त झाला. वय बावीस, सेवा अवघी अडीच वर्षांची. त्या पदकाबरोबर साध्या शिपायास वर्षास १० पौंड मिळत. पुढे त्याने द्वारपालाची नोकरी केली, लंडनमध्ये भाड्याची गाडी हाकली आणि १९१३ मध्ये तो मरण पावला.

त्याच रुग्णालयातील रुग्णांस वाचविणारा विल्यम जोन्स यासही तेच पदक मिळाले. १८८० मध्ये तोही सेवामुक्त झाला. पण कारण जुनाट संधिवात. लढाईनंतर ठाण्यावरील शिपाई कित्येक आठवडे तंबूंवाचून पावसाचिखलात राहिले होते व तेथे ज्वर आणि अतिसार पसरला होता. हिचच्या जखमेस दिवस होता, जागा होती, साक्षीदार होते. सांध्यांत मुरलेल्या थंडीस यांपैकी काहीच नसते. तिचा सेवेशी संबंध केवळ वैद्याच्या मतावर ठरावयाचा. जोन्सवर पुढे पदक गहाण ठेवण्याची पाळी आली आणि मँचेस्टरमध्ये १९१३ मध्येच त्याचा अंत झाला.

जोन्सची स्थिती हीच सैन्यातील सर्वसाधारण स्थिती होती. शिपायास गोळीपेक्षा रोग अधिक मारतो, हे मार्शल व टुलॉक यांच्या आकडेवारीने १८३० नंतरच्या दशकातच दाखविले होते. हिंदुस्थानातील सैन्याच्या आरोग्याविषयी नेमलेल्या शाही आयोगाच्या १८६३ च्या अहवालानुसार येथील गोऱ्या सैन्यात दर हजारी वार्षिक मृत्यू ६९ इतके होते. येथून परतणारे शिपाई मुंबईच्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत राहत. आजारी असत ते १८६३ मध्ये उघडलेल्या नेटलीच्या रुग्णालयात पोहोचत. मनाचा तोल ढळलेल्यासाठी इंग्रजी बोलीत रूढ झालेला ‘डूलॅली’ हा शब्द देवळालीवरूनच आला. कागदावर वैद्य अशा विकाराचे मूळ शिपायाच्या प्रकृतीत वा व्यसनात शोधू शके. शिपायांच्या बोलीने मात्र त्याला छावणीचे नाव दिले. रोगाचे कारण कोठे शोधावयाचे, याविषयीचा मतभेद या एका शब्दात दिसतो असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

येथे आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात जतन केलेल्या चेल्सीच्या सेवापत्रांत १८८२ पर्यंत प्रायः निवृत्तिवेतन मिळालेल्यांचेच कागद आहेत. सेवेत मेलेले, पैसे भरून सुटलेले व रिकाम्या हाताने बाहेर पडलेले त्यांत नाहीत. १८८३ पासून मुदत संपून वा पैसे भरून मुक्त झालेल्यांचे कागदही त्यांत येऊ लागतात. या संग्रहावरून रोगांचे प्रमाण काढू पाहणाऱ्या अभ्यासकाने, ज्यांचे रोग सरकारने मान्य केले त्यांचीच मोजणी आपण करीत आहोत, हे विसरता कामा नये. १८८३ नंतर संग्रहात नावे वाढतात ती सैन्य अधिक दुबळे झाले म्हणून नव्हे, जतन करण्याचा नियम बदलला म्हणून.

तात्पर्य, ‘जुनाट संधिवात’ किंवा ‘दीर्घ सेवेने जीर्ण’ हे शब्द वाचताना त्या शरीरास काय झाले होते, एवढाच प्रश्न विचारून चालणार नाही. ते कारण मान्य झाल्याने शिपायास काय मिळाले आणि अमान्य झाले असते तर काय गमवावे लागले असते, हाही प्रश्न विचारला पाहिजे. शिपायाचे वर्णन ज्या कागदात सापडते तो त्याने लिहिलेला नाही. परंतु त्यातील एका ओळीवर त्याचा पुढील चरितार्थ अवलंबून होता. ती ओळ कशी ठरली याचा शोध घेतला, तर या दप्तरातून लष्करी वैद्यकाच्या इतिहासाबरोबरच राज्यसंस्था आपल्या सेवकाचे ऋण कसे मोजते, याचाही इतिहास लिहिता येईल.