बोरीच्या परिसरातून दिसणारा मोगल सत्तेचा ऱ्हास

मोगल साम्राज्याच्या ऱ्हासाची मीमांसा करताना औरंगजेबाचे धर्मधोरण व त्याच्या वारसांचा नाकर्तेपणा यांवर बहुधा भर दिला जातो. ही कारणे खोटी नव्हेत. परंतु ती दिल्लीच्या तख्ताकडे दृष्टी ठेवून काढलेली आहेत. परभणी जिल्ह्यातील बोरीसारख्या गावाच्या बाजूने पाहिले असता अधिक खोलवरचे कारण आढळते. ते म्हणजे जहागिरीची घडी विस्कटणे होय.

बोरीचा हा जिंतूरकडील टापू वऱ्हाड सुभ्याच्या पाथरी सरकारात मोडे. इ. स. १५७४ मध्ये निजामशाहीने इमादशाही बुडवून वऱ्हाड घेतले. १५९६ मध्ये चांदबिबीस ते मोगलांच्या हवाली करावे लागले. आणि १५९७ मध्ये गोदातीरी, सोनपेठच्या परिसरात, खानखानानाने दक्षिणी फौजांचा पराभव केला. पंचवीस वर्षांच्या आत या मुलखाने तीन धनी पाहिले. तथापि पाटील, कुलकर्णी, देशमुख व देशपांडे यांची वतने कायम राहिली. मोगल जहागीरदार मात्र परका व तात्पुरता; त्याची बदली वारंवार होत असे. गावी विहीर खोदण्यात वा पडजमीन लागवडीस आणण्यात त्यास स्वारस्य नसे. वसूल नियमित येत होता तोवर ही व्यवस्था निभावली.

औरंगजेबाने १६८६ मध्ये विजापूर व १६८७ मध्ये गोवळकोंडा जिंकले, आणि या विजयांतूनच अडचण वाढली. हजारी व त्यावरील मनसबदारांची संख्या १६५८ ते १६७८ या काळात ४८६ होती; १६७९ ते १७०७ या काळात ती ५७५ झाली. त्यांतील मराठे २७ वरून ९६ वर गेले. शत्रूकडील सरदार फोडावयाचे तर त्यास मनसब देणे भाग. पण तितक्या जहागिरी शिल्लक नव्हत्या. ज्यास जहागीर मिळे, त्याचाही वसूल पुष्कळदा मराठी फौजांच्या हाती जाई. वसुलावाचून स्वार ठेवता येईनात, आणि स्वारांवाचून वसूल होईना.

१७१९ च्या सनदांनी दक्षिणेच्या सहा सुभ्यांवर शेकडा पंचवीस चौथाई व शेकडा दहा सरदेशमुखी हे मराठ्यांचे हक्क बादशाही संमतीने ठरले. १७२४ मध्ये वऱ्हाडातील साखरखेर्डा येथे निजामुल्मुल्काने मुबारिजखानास मारले व दक्षिण प्रत्यक्षात दिल्लीपासून तुटली. उस्मानी साम्राज्यानेही पैशाच्या निकडीपोटी १६९५ पासून वसुलाचे इजारे तहहयात देण्यास आरंभ केला होता. सरकारी वसूल मध्यस्थांच्या हाती जाण्याची प्रक्रिया तेथेही दिसते.

दक्षिणेत याचे पर्यवसान दुअमलीत झाले. एकाच पिकावर निजाम व मराठे असे दोन धनी हक्क सांगू लागले. साम्राज्याची ही दुर्बलता प्रथम रयतेच्या खळ्यावर जाणवली. दरबारास ती उशिरा कळली.