आजोळ हरवलेली मुले

ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुष तुलना' (1882) हा निबंध वर्गात शिकवताना त्यामागील विजयालक्ष्मी खटल्याची हकिकत आम्ही आवर्जून सांगतो. 1881 साली सुरतेच्या न्यायालयाने या तरुण ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावली. पुढे ती सौम्य झाली. हकिकत संपली की एखादी विद्यार्थिनी हमखास विचारते, "तिचे आईवडील कुठे होते?" या प्रश्नापाशी आम्ही दरवेळी अडखळतो.

एकोणिसाव्या शतकातील विधवांच्या इतिहासात विधवा आहे, शास्त्री आहेत, सुधारक आणि न्यायाधीशही आहेत. नाहीत ते तिचे आईवडील, म्हणजेच जन्माला येऊ घातलेल्या मुलाचे आजी-आजोबा. वस्तुतः पहिली शंका त्यांच्याच घरात उपजत असणार. ज्या घरात स्त्रिया महिन्याचे दिवस 'बाहेर' बसत, तेथे लेकीची चुकलेली पाळी आईच्या नजरेतून सुटणे कठीण होते. पुढचा विचार भयाचा. ग्रामण्य झाले तर पंगत बंद, भटजी बंद, धाकट्या मुलींची लग्ने बंद. पहिलटकरणीचे बाळंतपण माहेरी करण्याची रीत असलेल्या या समाजात विधवा लेकीला बाळंतपणापुरते माहेर उरत नसे. उरत ती जिवावर बेतणारी औषधे, नाहीतर विहीर.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या घरी 1863 साली काढलेले बालहत्या प्रतिबंधक गृह या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. 4 डिसेंबर 1884च्या पत्रात जोतीरावांनी त्याचे कारण नोंदवले आहे. काशीबाई ही ब्राह्मण विधवा त्यांच्या एका मित्राकडे स्वयंपाक करी. एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले, तिने मूल मारून विहिरीत टाकले आणि तिला अंदमानात जन्मठेप झाली. तिच्यासारख्या स्त्रियांना गुप्तपणे बाळंत होता यावे, म्हणून हे गृह निघाले. मूल न्यायचे की तेथेच ठेवायचे, हे आईच्या मर्जीवर सोडले होते. याच पत्रानुसार तोवर 35 विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या होत्या.

या गृहाला केवळ 'संस्था' म्हणणे आम्हांला अपुरे वाटते. जे जन्मदात्यांनी करायचे, ते बाळंतपण परक्या जोडप्याने आपल्या घरी केले. ते त्या स्त्रियांचे माहेर झाले. समाजाच्या धाकाने बाप काय करतो, हे जोतीराव जाणून होते. शाळेच्या कामावरून लोकांचा दाब आला, तेव्हा 1849 साली गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले होते. सावित्रीबाईंनी 1868 साली नायगावहून, स्वतःच्या माहेराहून, लिहिलेल्या पत्रात गणेश हा ब्राह्मण तरुण आणि त्याच्यापासून गरोदर राहिलेली महार मुलगी यांना जमावाच्या हातून सोडवून पुण्यास पाठवल्याची हकिकत आहे. 1874 साली या दांपत्याने एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला. हा यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि 1897च्या प्लेगात मायलेकांनी रुग्णसेवा केली. त्या सेवेतच सावित्रीबाईंना मृत्यू आला.

तथापि एक गोष्ट विसरू नये. पुण्याचे गृह काय किंवा प्रार्थना समाजाशी संबंधित पंढरपूरचे 1875चे गृह काय, तेथील गुप्ततेने लेकीचा जीव वाचला आणि माहेरची अब्रूही शाबूत राहिली. मुलाचे आजोळ मात्र कायमचे पुसले गेले. आजी-आजोबांची नावे कागदावर न येणे, हीच त्या व्यवस्थेची अट होती. म्हणूनच इतिहासात ते सापडत नाहीत.

1971च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने सज्ञान स्त्रीची संमती पुरेशी मानली. आईवडिलांची परवानगी लागत नाही. परंतु लेकीबद्दल शंका आली की तिच्याआधी नातेवाईक आठवणे, हे अजून थांबलेले नाही. आमच्या विद्यार्थिनीला आता आम्ही एवढेच सांगू शकतो: ते आईवडील घरातच होते, आणि दार आतून लावलेले होते.