अपंगत्व व मनःस्वास्थ्य, साहित्यातील

शारीरिक अपंगत्व आणि मनाची अवस्था यांचा संबंध साहित्याने निरनिराळ्या काळी निरनिराळ्या रीतीने लावला आहे. येथे त्याचा विचार प्रामुख्याने मराठी साहित्य आणि मुंबई व तिची उपनगरे यांच्या संदर्भात केला आहे. शारीरिक अपंगत्व या संज्ञेत अंधत्व, बधिरत्व, अवयवहीनता, अस्थिदोष, पक्षाघात, मेंदूचा पक्षाघात आणि कुष्ठरोगामुळे येणारी विकृती यांचा समावेश होतो. मतिमंदत्व ही निराळी अवस्था असल्याने तिचा निर्देश केवळ कुटुंबियांच्या मनःस्वास्थ्यापुरता येईल.

साहित्यात या विषयासंबंधी स्थूलमानाने तीन भूमिका आढळतात : (१) शरीराचे व्यंग हे मनाच्या गुणावगुणांची खूण होय, (२) व्यंग हे मनाच्या विशिष्ट जडणघडणीचे कारण होय, (३) अपंग व्यक्तीचा मानसिक त्रास मुख्यतः समाजाच्या दृष्टीतून व त्याने उभारलेल्या अडसरांतून उद्‌भवतो. या भूमिका एकामागून एक आल्या व आधीची नाहीशी झाली, असे मात्र नाही. आजही तिन्ही एकत्र नांदताना दिसतात.

पुराणकथा व लोकोक्ती : रामायणातील मंथरेचे कुबड आणि तिची कुटिल बुद्धी यांची सांगड परंपरेने घातली आहे. भागवतातील कुब्जा कृष्णाच्या स्पर्शाने सरळ होते. अष्टावक्राला शरीराची वक्रता पित्याच्या शापाने गर्भातच प्राप्त झाली, असे महाभारताच्या वनपर्वात सांगितले आहे. जनकाच्या यज्ञात तो बंदी या पंडिताला वादात जिंकतो आणि अखेरीस समंगा नदीत स्नान केल्यावर त्याचे अवयव सरळ होतात. म्हणजे पापाची वा शापाची खूण म्हणून व्यंग आणि कृपेची खूण म्हणून व्यंगाचा परिहार, अशी या कथांची घडण आहे.

धृतराष्ट्राची कथा याहून गुंतागुंतीची आहे. अंधत्वामुळे ज्येष्ठ असूनही राज्याचा अधिकार डावलला जातो आणि ही सल त्याच्या पुत्रमोहाच्या मुळाशी राहते. येथे दोष डोळ्यांपेक्षा अधिक नाकारलेपणाचा आहे. गांधारीने स्वतःच्या डोळ्यांवर बांधलेली पट्टी पातिव्रत्याचे प्रतीक मानली गेली. परंतु इरावती कर्वे (१९०५–७०) यांनी युगान्त (१९६७) या ग्रंथात तिच्यामागील फसवणुकीची वेदना व रोष यांकडे वाचकांचे लक्ष वेधले.

लोकव्यवहारात ‘वासरात लंगडी गाय शहाणी’, ‘आंधळे दळते, कुत्रे पीठ खाते’ यांसारख्या म्हणी रूढ आहेत. त्यांत क्रौर्याचा हेतू नसला, तरी व्यंग हे हसण्याचे व कमी लेखण्याचे सोयीचे साधन आहे, हे त्या गृहीत धरतात. व्यंगावरून माणसाला नाव पाडण्याची सार्वत्रिक चालही याच वृत्तीची निदर्शक होय.

संतसाहित्य : महिपतीच्या (१७१५–९०) भक्तविजयात (१७६२) पैठणच्या कूर्मदासाची कथा येते. हातपाय नसलेला हा भक्त सरपटत पंढरीच्या वाटेला लागतो आणि लऊळ (माढा तालुका, सोलापूर जिल्हा) येथे त्याची शक्ती संपते. वारकऱ्यांकरवी तो आपला निरोप धाडतो आणि विठ्ठलच त्याच्या भेटीला येतो. कुब्जेच्या कथेहून या कथेचा विशेष असा, की येथे शरीर बदलत नाही. अंतर कापण्याचे काम देवाकडे येते. कूर्मदासाचे दुःख हातपाय नसण्याचे नसून मागे राहण्याचे आहे, ही गोष्ट या कथेने अचूक हेरली आहे. महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभुचरित्रात मनाच्या अवस्थेसंबंधी असाच वेगळा सूर आढळतो. ऋद्धिपूरच्या लोकांना जे वर्तन वेडाचे वाटते, ते अनुयायांना ईश्वरी लीळा वाटते. विदर्भातील गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांना शैशवातच अंधत्व आले. तरीही त्यांची ग्रंथरचना विपुल आहे. परंपरेने त्यांना ‘प्रज्ञाचक्षू’ म्हटले. ही उपाधी गौरवाची असली, तरी अंध व्यक्तीने असामान्य असावे, अशी अपेक्षाही तीत दडलेली आहे.

पाश्चात्त्य विचार : फ्रान्सिस बेकनने व्यंगावरील आपल्या निबंधात (१६१२) व्यंगाकडे स्वभावाची खूण म्हणून नव्हे, तर स्वभावाचे कारण म्हणून पाहावे, असे प्रतिपादन केले. तिरस्कारापासून सुटका करून घेण्याची सततची टोचणी माणसाला धीट व दक्ष बनविते, असे त्याचे निरीक्षण होते. शेक्सपिअरचा तिसरा रिचर्ड या दोन भूमिकांच्या सीमेवर उभा आहे. सिग्मंड फ्रॉइडने १९१६ मधील एका लेखात त्याच रिचर्डचे उदाहरण घेऊन, निसर्गाने आपल्यावर अन्याय केला असल्याने आपण सामान्य नियमांना अपवाद आहोत, असे मानणाऱ्या मनोवृत्तीचे विश्लेषण केले. आल्फ्रेड ॲडलरने अवयवाची उणीव व तिची भरपाई यांविषयी १९०७ पासून मांडलेल्या विचारांतून पुढे न्यूनगंडाची कल्पना विकसित झाली आणि ती मराठी कथा-कादंबरीच्या परिभाषेतही रुळली.

अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये कलंकाची मीमांसा करून हा प्रश्न व्यक्तीच्या मनातून माणसामाणसांतील व्यवहारात आणला. माइक ऑलिव्हरने १९८३ मध्ये अपंगत्वाच्या ‘सामाजिक प्रतिमाना’ची मांडणी केली. डेव्हिड मिचेल व शॅरन स्नायडर यांनी २००० मध्ये असे दाखवून दिले, की पुष्कळ कथानके अपंग पात्राचा कुबडीसारखा उपयोग करतात आणि काम झाले, की ती टाकून देतात.

आधुनिक मराठी साहित्य, रंगभूमी व चित्रपट : कुष्ठरोग्याच्या बाबतीत शरीराची विकृती आणि बहिष्काराची मानसिक यातना यांना वेगळे करणे अशक्य होते. मुंबईत १८९० मध्ये निराश्रित कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उभे राहिले, तेही वस्तीपासून दूर, माटुंगा–वडाळा भागात. बाबा आमटे (१९१४–२००८) यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली व वरोड्याजवळ आनंदवन उभारले. ज्वाला आणि फुले या त्यांच्या काव्यसंग्रहात भग्न शरीराचा माणूस दयेचा विषय न राहता श्रमाचा कर्ता होतो. साधना आमटे यांच्या समिधा या आत्मकथनात त्याच कार्याची घरगुती व मानसिक बाजू आली आहे. वि. स. खांडेकर (१८९८–१९७६) यांची दृष्टी उत्तरायुष्यात गेली. त्यानंतरही त्यांचे लेखन दुसऱ्याच्या हाताने चालू राहिले.

जयवंत दळवी (१९२५–९४) यांच्या नातीगोती या नाटकात नोकरी करणारे मध्यमवर्गीय दांपत्य व त्यांचा मतिमंद मुलगा यांचे चित्रण आहे. मुलाच्या अवस्थेइतकेच आईबापांच्या थकव्याला, अपराधभावनेला आणि ‘आपल्यामागे याचे कसे होणार’ या भयाला या नाटकाने शब्द दिले. मायबापांच्या मनात क्षणभर येणारे क्रूर विचार उच्चारण्याचे धैर्य, हे त्याचे मोल होय. देवेंद्र पेम यांच्या ऑल द बेस्ट (१९९३) या लोकप्रिय प्रहसनातील आंधळा, बहिरा व मुका हे तीन तरुण मित्र प्रेक्षकांची कीव न मागता हसवतात. मात्र त्यातील विनोद व्यंगावरच उभारलेला असल्याने तो व्यंगाला हसतो, की व्यंगासह हसतो, हा प्रश्न उरतो.

सई परांजपे यांच्या स्पर्श (१९८०) या हिंदी चित्रपटात अंधशाळेचा स्वाभिमानी अंध प्राचार्य व पतिनिधनाने खचलेली स्त्री यांची कथा आहे. मदत आणि दया यांतील सीमारेषेवर प्राचार्याचे मन अडखळते आणि ठरलेला विवाह तो मोडतो. माधवी घारपुरे यांच्या कथेवरील श्वास (२००४) या मराठी चित्रपटात कोकणातील एका मुलाचे डोळे कर्करोगामुळे काढावे लागणार असतात. ही गोष्ट त्याला सांगणे हा उपचाराचाच भाग आहे, अशी रुग्णालयाची भूमिका असते. शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा त्याला जग दाखवायला घेऊन जातात. शरीरावरील उपचाराआधी मनाची तयारी करावी लागते, हा विचार मराठी चित्रपटात इतक्या स्पष्टपणे क्वचितच आला असेल.

आत्मकथने व मुंबईचे उपनगर : या इतिहासाला खरे वळण मिळाले ते अपंग व्यक्तींच्या स्वतःच्या लेखनाने. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे चाकाची खुर्ची हे आत्मकथन या दृष्टीने महत्त्वाचे होय. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखालील शरीर लुळे पडल्यानंतरचे त्यांचे नैराश्य वैद्यकीय उपचाराने हटले नाही. स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या बाबूकाका दिवाण यांच्या भेटीने त्यांना जगण्याची दिशा दिली. पुढे १९८४ मध्ये त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था स्थापन केली. मुंबईच्या फिरदौस कांगा यांच्या ट्राइंग टू ग्रो (१९९०) या इंग्रजी कादंबरीचा नायक ठिसूळ हाडांच्या विकाराने ग्रासलेला पारशी तरुण आहे. आपल्या देहाविषयी व इच्छांविषयी तो खेळकर, क्वचित बोचऱ्या सुरात बोलतो. दुःखी अपंग आणि धीरोदात्त अपंग, हे दोन्ही साचे ही कादंबरी मोडते.

मुंबईच्या उपनगरांत अपंगांसाठी काही महत्त्वाच्या संस्था उभ्या राहिल्या. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’चे केंद्र वांद्रे येथे विकसित झाले, तर १९८३ मध्ये श्रवणदोषासंबंधीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वांद्रे येथेच सुरू झाली. मेंदूच्या पक्षाघातासह वाढलेल्या मालिनी चिब यांचे वन लिटल फिंगर हे इंग्रजी आत्मकथन याच परिसराशी निगडित आहे. ते त्यांनी एका करंगळीने टंकलिखित केले. लंडनमध्ये विजेवर चालणाऱ्या खुर्चीमुळे एकटीने हिंडणारी हीच स्त्री मुंबईत परतल्यावर पुन्हा इतरांवर अवलंबून राहते. शरीर तेच, स्वभाव तोच. बदलते ते शहर, आणि त्याबरोबर मनाची अवस्था. पूर्वोक्त तिसऱ्या भूमिकेचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

मराठी कथेला अंधेरी, बोरिवली, घाटकोपर व मुलुंड येथील मध्यमवर्गीय जीवन सुपरिचित आहे. तथापि लिफ्ट नसलेल्या इमारतीचा तिसरा मजला, रेल्वेचा पादचारी पूल आणि गर्दीच्या वेळची लोकल यांकडे अपंग माणसाच्या नजरेतून पाहणारे लेखन फारच थोडे आहे. घर सोडता न येणे आणि त्यातून येणारा एकलेपणा व विषाद, हा या उपनगरी जीवनाचा अद्याप पुरता न लिहिलेला भाग होय.

समकालीन स्थिती : पंगू, अपंग, विकलांग व दिव्यांग या शब्दांच्या क्रमात समाजाची बदलती दृष्टी प्रतिबिंबित होते, अखेरच्या शब्दातील दैवी छटा मात्र सर्वांनाच मान्य नाही. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क अधिनियमाने मान्य अपंगत्वांची संख्या ७ वरून २१ वर नेली असून मानसिक आजाराचाही त्यांत समावेश आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने मानसिक उपचार हा हक्क मानला. मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त घोषित झाला. त्यामुळे मराठी कथा-चित्रपटांतून परिचित झालेले पोलिओग्रस्त मुलाचे चित्र पुढील पिढीला इतिहासातच भेटेल. कायद्याने शरीर व मन यांची दुःखे एका छत्राखाली आणली आहेत. साहित्यात मात्र व्यंगाला रूपक म्हणून वापरण्याची सवय टिकून आहे आणि अपंग स्त्रिया, ग्रामीण अपंग व बधिर व्यक्ती यांचे स्वतःचे लेखन अजून तुरळक आहे. त्यांचे अनुभव त्यांच्याच शब्दांत येत नाहीत, तोवर अपंगत्व व मनःस्वास्थ्य यांच्या संबंधाविषयीचे साहित्यातील बरेचसे कथन दुरून पाहणाऱ्याचेच राहील.