आराखड्याबाहेरचे नगर

चंदीगढच्या उत्तर टोकाला, उच्च न्यायालय आणि सुखना तलाव ह्यांच्या परिसरात जी विस्तीर्ण रचना उभी आहे तिला ‘रॉक गार्डन’ ह्या नावाने ओळखतात. तिचे ‘शिलोद्यान’ असे भाषांतर कोणी केले तर ते शब्दाशी प्रामाणिक, पण वस्तूशी काहीसे अप्रामाणिक ठरेल. तेथे शिळा आहेत, पुष्कळ आहेत. परंतु पाहणाऱ्याच्या स्मरणात राहतात त्या फुटक्या कांकणांच्या तुकड्यांनी अंग मढवलेल्या स्त्रिया, चिनी मातीच्या कपबश्यांच्या खापऱ्यांतून घडलेले प्राणी आणि विजेच्या टाकाऊ सामानाने सजलेल्या भिंती. ज्या नगरात प्रत्येक वस्तूची जागा आधी कागदावर ठरली, त्याच नगराच्या कचऱ्यातून हे दुसरे नगर निर्माण झाले. ते कसे झाले हे ध्यानात घेतल्याखेरीज त्याच्या कलेविषयीची चर्चा पोकळच राहील.

१९४७च्या फाळणीत पंजाबची राजधानी लाहोर सीमेपलीकडे गेली. नव्या राजधानीचे काम १९५१मध्ये ल कॉर्बुझिए ह्या वास्तुकाराकडे आले. त्याच वर्षी सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक म्हणून नेकचंद सैनी नावाचा एक तरुण रुजू झाला. त्याचा जन्म १९२४चा. शकरगढ तहसिलीतले त्याचे गाव पाकिस्तानात गेले होते. स्वतःचे खेडे गमावून आलेला हा माणूस ज्या नगराच्या उभारणीत नोकरीला लागला, त्या नगरासाठीही कित्येक खेडी उठवावी लागली. त्या मोडलेल्या घरांचे अवशेष त्याच्या डोळ्यांदेखत पडून होते. ह्या योगायोगाला फार अर्थ चिकटवू नये हे खरे. तथापि तो दृष्टीआड करणेही योग्य नव्हे.

१९५७-५८च्या सुमारास नेकचंदांनी नदीनाल्यांतून चित्रविचित्र आकारांचे दगड सायकलवरून आणून राखीव जंगलातल्या एका घळीत साठवण्यास आरंभ केला. ‘रॉक’ हा शब्द ह्या पहिल्या पर्वाचा. तेथे कसलेही बांधकाम करण्यास कायद्याने मनाई होती. म्हणून दिवसा खात्याचे काम आणि रात्री हे, असा क्रम कित्येक वर्षे चालला. उजेडासाठी जुने टायर जाळीत असे सांगतात. खात्यात ज्या वस्तूंची नोंद ‘निरुपयोगी’ म्हणून होते त्या सर्व येथे उपयोगी ठरल्या: डांबराची रिकामी पिंपे, फुटकी शौचपात्रे, सिमेंटचे घट्ट झालेले पोते. पोत्याचे कापड गळून जाते आणि त्याची वीण मात्र दगडावर उमटून राहते. नेकचंदांनी ह्या नासाडीचाच पृष्ठभाग म्हणून उपयोग केला.

काँक्रीट हे ल कॉर्बुझिएचेही माध्यम. पण त्याने ज्या मापाने नगर मोजले ते एकशे त्र्याऐंशी सेंटिमीटर उंचीच्या, हात वर केलेल्या एका आदर्श पुरुषाचे होते. नेकचंदांच्या बागेतली कित्येक दारे इतकी ठेंगणी आहेत की प्रौढ माणसाला मान लववूनच आत जावे लागते. नगराच्या आज्ञापत्रात तर नगरात व उद्यानांत व्यक्तींचे पुतळे उभारू नयेत असा स्पष्ट आदेश होता. अर्थात त्याचा रोख स्मारकांवर होता. पण पुतळ्यांना विन्मुख असलेल्या ह्या नगराच्या कडेला असंख्य अनामिक मूर्तींची गर्दी निमूटपणे जमत होती, ही गंमत लक्षात येण्यास कोणी कलासमीक्षक लागत नाही.

सत्तरीच्या आरंभी हे गुपित अधिकाऱ्यांच्या ध्यानात आले. नियमाप्रमाणे सारे पाडून टाकणे हाच मार्ग होता. परंतु नगराच्या वनश्रीची धुरा वाहणारे मोहिंदरसिंग रंधावा ह्यांच्यासारख्या जाणत्या माणसाने त्याची बाजू घेतली आणि १९७६मध्ये बाग लोकांना खुली झाली. नेकचंदांना ह्याच कामावर वेतन आणि पन्नास मजूर मिळाले. फ्रान्समधील ओतरीव्ह गावच्या फेर्दिनां शव्हाल ह्या पोस्टमनने १८७९ ते १९१२ अशी तेहतीस वर्षे रस्त्यावरचे दगड वेचून महाल बांधला. त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला तो १९६९मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळाने. चंदीगढच्या प्रशासनाने कर्त्याला हयातीतच सामावून घेतले. हे त्याचे श्रेय. त्याची किंमतही मोजावी लागली असे वाटते: पुढच्या टप्प्यांतल्या भव्य कमानी, धबधबे आणि झोपाळे पाहिले की पहिल्या घळीतला एकांत आणि हाताची ऊब तेथे विरळ झाल्याचे जाणवते. चोरून केलेले काम आणि मंजूर केलेले काम ह्यांची जात निराळी असते.

१९७२मध्ये रॉजर कार्डिनल ह्या समीक्षकाने ‘आउटसायडर आर्ट’ ही संज्ञा रूढ केली आणि पुढे नेकचंदही त्या कप्प्यात गेले. तिला मराठीत ‘बहिःस्थांची कला’ म्हणता येईल. पण बहिःस्थ म्हणजे कशाच्या बाहेर? हा मनुष्य शासनाच्या नोकरीत होता. काँक्रीटचे तंत्र तो त्याच नगराच्या कामावर शिकला. त्याच्या मूर्तींच्या रांगा आपल्या मेळ्यांतल्या व यात्रांतल्या गर्दीशी नाते सांगतात. तो बाहेर होता तो केवळ कलाशाळा आणि कलादालने ह्यांच्या. त्या दृष्टीने पाहिल्यास ह्या देशातला बहुतेक कुंभार आणि सुतारही बहिःस्थच ठरतो. पाश्चात्त्य संज्ञेचा अनुवाद होतो, पण ती ज्या केंद्राला गृहीत धरते ते केंद्र अनुवादात येत नाही.

१९८३मध्ये बागेचे चित्र टपाल तिकिटावर आले, १९८४मध्ये नेकचंदांना पद्मश्री मिळाली. मानसन्मानाने जमीन सुरक्षित होत नाही हेही लवकरच कळले. १९९०च्या सुमारास बागेतून रस्ता काढण्याचा घाट घातला गेला, तेव्हा नागरिक बुलडोझरच्या आड उभे राहिले. १९९६मध्ये नेकचंद परदेशी असताना पुतळ्यांची मोडतोड झाली. १२ जून २०१५ रोजी ते निवर्तले. पुढल्याच वर्षी ल कॉर्बुझिएने रचलेल्या तेथील शासकीय वास्तुसमूहाची जागतिक वारशात नोंद झाली. आणि २०२५च्या प्रारंभी उच्च न्यायालयाकडे येणाऱ्या वाहनांची सोय करण्यासाठी बागेच्या भिंतीचा एक भाग पाडण्यात आला. नागरिकांनी विरोध केला. भिंत पडली ती पडलीच, आणि तिचा राडारोडा उचलून पुन्हा मूर्ती घडवणारा रस्ते निरीक्षक आता त्या खात्यात नव्हता.