बुलढाणा जिल्हा : खाद्यपदार्थ

विदर्भाच्या पश्चिम टोकावरील या जिल्ह्याचे अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे दोन भाग पडतात. बुलढाणा, चिखली, मेहकर हा ‘घाटावरचा’ मुलूख, तर मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद हा पूर्णेच्या खोऱ्यातला ‘घाटाखालचा’. पश्चिमेला खानदेश, पूर्वेला अकोल्याचे वऱ्हाड, दक्षिणेला मराठवाडा. त्यामुळे निव्वळ बुलढाण्याचा म्हणावा असा पदार्थ शोधणे अवघड आहे. जिल्ह्याच्या नावावर जो सर्वाधिक खपतो, तो तर इथल्या चुलीवर जन्मलेलाच नाही.

तो म्हणजे शेगावची कचोरी. फाळणीनंतर पंजाबातून आलेले तीरथराम शर्मा यांनी 1950 च्या सुमारास शेगाव स्थानकावर ती विकायला सुरुवात केली. मुंबई–नागपूर लोहमार्गावर गाडी थांबते जेमतेम काही मिनिटे. खिडकीतून हातात घेता येईल, रस्सा-चटणीवाचून खाता येईल आणि सांडणार नाही, असा पदार्थ तिथे चालणारच होता. मोहन घातलेल्या मैद्याच्या चपट्या पारीत डाळीचे, हिरवी मिरची, आले-लसूण आणि बडीशेप घातलेले तिखट सारण. मंद आचेवर तळल्याने ती खुसखुशीत होते आणि प्रवासात टिकते. सोबत मीठ लावलेल्या तळलेल्या मिरच्या हव्यातच. दही-शेव घालून तिची चाट करणे हा शहरी उद्योग. आज पुण्या-मुंबईत ‘शेगाव कचोरी’च्या पाट्या दिसतात. पाटी सर्वत्र सारखी असली तरी चव तशी असतेच असे नाही.

कचोरीला गिऱ्हाईक मिळाले ते बव्हंशी संत गजानन महाराजांच्या वारीमुळे. 23 फेब्रुवारी 1878 रोजी महाराज शेगावात प्रकटले, अशी नोंद आहे. 8 सप्टेंबर 1910 रोजी त्यांनी समाधी घेतली. त्यांच्या नैवेद्याला मात्र पिठलं-भाकरी, अंबाडीची भाजी, कांदा आणि हिरवी मिरची लागते. कोरडवाहू शेतकऱ्याची ही शिदोरी प्रकटदिनी घरोघर रांधली जाते, आणि भक्त जिथे गेले तिथे, पार परदेशापर्यंत, ती त्यांच्याबरोबर गेली.

घरच्या आणि शेतातल्या स्वयंपाकात पहिला मान रोडग्यांचा. जाडसर कणकेचे एकात एक थर देऊन केलेले गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकायची, कुस्करून त्यावर वरण आणि तूप ओतायचे, शेजारी तर्रीदार वांग्याची भाजी. नवस फेडायचा तर शेतातल्या देवापुढे रोडगेच. एकनाथांच्या भारुडातही भवानीला रोडगाच कबूल केलेला आहे, म्हणजे ही चाल जुनी. घाटाखाली खानदेशी वळण अधिक. हिवाळ्यात पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचे भरीत, त्याबरोबर ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी. या भरितात टोमॅटो घालणाऱ्याला मलकापूरकडे कोणी आचारी म्हणणार नाही.

वांग्याचे सर्वांत मोठे रांधप मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम येथे होते. शुकदास महाराजांनी स्थापलेल्या विवेकानंद आश्रमात विवेकानंदांच्या जन्मोत्सवात पुरी आणि वांग्याची भाजी हा महाप्रसाद असतो. पंगती शेतात बसतात आणि वाढप ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून चालते. लाखाच्या घरातल्या गर्दीला एवढ्या शिस्तीत गरम जेवण मिळते, हे पाहण्यासारखे आहे.

हुरडा मात्र आता दुर्मीळ होत चालला आहे. कोवळ्या ज्वारीची कणसे आरावर भाजून, चोळून, तिळाच्या किंवा शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाणे ही पूर्वी थंडीतली सर्वसाधारण गोष्ट होती. सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली तशी हुरड्याची ताटे कमी झाली, कडब्याची टंचाई आली आणि रोजच्या ताटात भाकरीच्या जागी पोळी आली. आता हुरड्यासाठी ज्वारी मुद्दाम पेरतात आणि पार्टीचे पैसे घेतात.